रंग ठरला का?

मलकापूरच्या स्टॉपवर सोनम एसटीतून उतरली, तेव्हा तिच्या कानात मैत्रिणीचे झुमके होते, खांद्याला मैत्रिणीची पर्स होती आणि नाव... नाव तर तिनं वाटेतच, पेठनाक्याच्या आसपास कुठंतरी ठरवलं होतं. संयोगिता. गाडी घ्यायला निघालेल्या मुलीचं नाव कसं भारदस्त हवं.

गाडी तिला घ्यायची नव्हतीच. ती स्वतःच सांगलीच्या शोरूममध्ये गाड्या विकत होती. तीच कंपनी, त्याच गाड्या, फक्त मालक वेगळा. पण कडेगाव-विट्याकडची गिऱ्हाइकं हल्ली सांगली सोडून मलकापूरच्या शोरूमकडे वळायला लागली होती आणि तिच्या मॅनेजरला, शंभूराज सरांना, त्याचं कारण हवं होतं. "गिऱ्हाईक होऊन जा. त्यांची आतली ऑफर काय आहे ते काढून आण," असं ते म्हणाले होते. या धंद्यात हे सगळेच करतात. पण सरांनी पुढं आणखी एक वाक्य हळूच सोडून दिलं होतं. मार्चनंतर सोनम आणि प्रांजल, दोघींपैकी एकीलाच ठेवायचं चाललंय... तेव्हा तुझं तू बघ.

प्रांजल म्हणजे तीच झुमकेवाली. माधवनगरच्या भाड्याच्या खोलीत दोघी एकत्र राहायच्या. सकाळी तिनंच ते झुमके सोनमच्या कानात आपल्या हातानं घातले होते. मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं, असं सोनमला एसटीत दोनदा वाटून गेलं.

आगाशिवच्या डोंगरावर धुकं अजून रेंगाळत होतं. काचेचं दार ढकलून ती आत आली, तर शोरूममध्ये कुणीच दिसेना. मग दिसलं. एका निळ्या गाडीआड एक तरुण उभा होता. गाडीच्या टपावर दोन्ही हात, हातांवर कपाळ, डोळे मिटलेले. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं. तो रिकामा चेहरा सोनमच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी तो तिला आरशात दिसायचा.

तिला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू चढलं. आधी ओठ हसले, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी, जरा ओढूनताणून, डोळे. सोनमला हसू आलं आणि कणवही आली.

"या मॅडम. मी विश्वजित. चहा घेणार की आधी पाणी?"

"आधी गाडी."

"अरे वा. आमच्याकडं सगळे आधी चहाच घेतात."

"म्हणजे मी गिऱ्हाईक वाटत नाही?"

"वाटता की..." तो तिच्या झुमक्यांकडे पाहत म्हणाला, "जरा जास्तच वाटता."

त्यानं निळ्या गाडीचं दार उघडलं, तिच्या डोक्याला वरची कड लागू नये म्हणून कडेखाली तळहात धरला आणि तिला बसवलं. मग गाडीबद्दल सांगायला लागला. सोनमला ते सगळं पाठ होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, तेसुद्धा. पण मध्येच तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. मागं तीन मोठी माणसं बसली तर मधल्याचे गुडघे दुखतात. घरात उंच माणसं असतील तर आधी त्यांना आणून बसवा, मगच ठरवा."

सोनम बघतच राहिली. त्या मधल्या सीटबद्दल तिलाही ठाऊक होतं, पण आजवर तिनं ते एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. गाडीचा दोष आपल्या तोंडानं काढायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं.

"असं सांगितल्यावर विकल्या जातात गाड्या?" तिनं विचारलं.

"कधी जातात, कधी नाही... रंग कोणता म्हणालात? पांढरा की निळा?"

"अजून ठरला नाही," सोनम म्हणाली. गिऱ्हाईक परत यायला काहीतरी निमित्त लागतं, ते तिनं राखून ठेवलं.

टेस्ट ड्राइव्हला ते ओगलेवाडीवरून सुर्ली घाटाकडे निघाले. आपण नवशिक्या दिसावं म्हणून तिनं चढावर गाडी मुद्दाम बंद पाडली. तो ना ओरडला, ना हँडब्रेककडे झेपावला. नुसतं म्हणाला, "सावकाश. घाट कुठं पळून चाललाय?"

घाटाच्या माथ्यावर ते थांबले. खालच्या उसाला तुरे आले होते आणि धुक्यात ते सगळे एकाच बाजूला कलून उभे होते. गार वारा काचेतून आत आला, झुमके किणकिणले. "त्या अंगाला माझं गाव. कडेगावच्या अलीकडं," त्यानं बोट दाखवलं आणि मग पुढं बोलायचं विसरून गेला. सोनमही गप्प राहिली. कुणाशीतरी गप्प बसायला मिळणं किती सुखाचं असतं, हे तिला कित्येक महिन्यांनी आठवलं.

शोरूमला परत आल्यावर मात्र घोटाळा झाला. गाडी थांबली तशी सोनम चटकन उतरली, वळसा घालून डाव्या बाजूला गेली, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि वरच्या कडेखाली तळहात धरून उभी राहिली.

विश्वजित बसल्या जागी थांबला. तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मॅडम... दार मी उघडायचं असतं."

"ते... आबांना उतरवून घ्यायची सवय आहे ना," सोनम घाईघाईनं म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"नशीबवान आहेत आबा," तो म्हणाला आणि उतरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. "संयोगिता मॅडम, रंग ठरला का?"

"नाही ठरला."

"बरं. जेवलात का?"

जेवलात का, हे तीही गिऱ्हाइकांना विचारायची. उत्तर यायच्या आत पुढचं वाक्य तयार असायचं. हा मात्र विचारून थांबला. सोनमला खरंच आठवावं लागलं की आपण दुपारी जेवलो का. नव्हतो.

मग तो रोजच फोन करायला लागला. पांढरा लवकर मळतो का, निळा उन्हात कसा दिसतो, एवढ्यावरून बोलणं निघायचं आणि भलतीकडंच जायचं. कधी गुऱ्हाळातल्या, गूळ लागलेल्या काहिलीच्या वासाकडं, कधी लहानपणी पाहिलेल्या पहिल्या मोटारीकडं. प्रांजल पांघरुणातून डोकं काढून म्हणायची, "एवढा रंगाचा विचार तर घराला पण कुणी करत नाही गं." सोनम तिच्यावर उशी फेकायची. पण प्रांजल झोपल्यावर तिच्या मनात यायचं, हा बिचारा आपल्या बुकिंगची वाट बघत असेल. आपण ज्याला रोज फसवतोय, त्याच्याच फोनची आपल्याला सबंध दिवस ओढ लागते... हे काय होऊन बसलं?

गंमत अशी की त्याच आठवड्यात आटपाडीहून तिच्या आईचा फोन आला. सोनम दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, तोच हरणाबाई म्हणाल्या, "आगं, माज्यासंगं बी शोरूमवाणी बोलाय लागलीस व्हय? माजी पोरगी कुटं गेली?" सोनम हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू आलं. आवाज बदलायला गेली तर बदलेचना. दिवसभर हसून हसून गाल दुखायचे आणि घरी आल्यावर खरं हसायला जागाच उरायची नाही.

त्या शनिवारी ती पुन्हा मलकापूरला गेली. ऑफर काढायला, असं सरांना सांगून.

"चला, तुम्हाला एक वेगळी जागा दाखवतो," विश्वजित म्हणाला आणि तिला शोरूमच्या मागं घेऊन गेला. तिथं गाड्या धुवायचा रॅम्प होता. नानासो नावाचे एक वयस्कर गृहस्थ हातात पाण्याची नळी धरून उभे होते. विश्वजितनं तिला निळ्या गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसला, काचा वर केल्या आणि नानासोंना खूण केली.

आणि भर जानेवारीत पाऊस सुरू झाला. टपावर ताशा वाजल्यासारखं पाणी कोसळायला लागलं. समोरच्या काचेवरून धारा उतरल्या, शोरूमची पाटी विरघळली, हायवेच्या गाड्या नुसते रंगाचे ठिपके होऊन वाहून गेल्या. मग साबणाचा फेस आला आणि सगळं जगच पांढरं झालं.

"मी हितं येऊन बसतो," विश्वजित म्हणाला. त्याची शोरूमची भाषा कधी गळून पडली, ते त्यालाही कळलं नसावं. "हितं कुणी सर म्हणत न्हाई, कुणाला सर म्हणावं लागत न्हाई. आन हसावं तर अजिबात लागत न्हाई."

सोनमनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तोच पहिल्या दिवशीचा रिकामेपणा होता, पण आता तो लपवत नव्हता.

"लय दमता?" तिनं विचारलं. तिच्याही तोंडून 'लय' निघून गेलं.

"पायानं न्हाई दमत. महिनाभर राबून इक्रीच्या फळ्यावर नाव वर न्यावं, तर एक तारखेला फळा पुसलेला. मागचं कुणी इचारत न्हाई. ह्या महिन्यात हाय, फुडच्या महिन्यात असंन का... रोज सकाळी दाढी करताना हेच डोक्यात येतं."

सोनमला म्हणायचं होतं, माझ्याही डोक्यात हेच येतं. वेणी घालताना. पण संयोगिता मॅडमना असलं काही म्हणता येत नव्हतं. तिनं ज्यासाठी आली होती ते विचारून टाकलं, "तुमची आतली ऑफर काय असते? लोक इकडंच का येतात?"

"आतली ऑफर?" तो खरंच हसला, बहुतेक महिन्यात पहिल्यांदाच. "काय न्हाई. खोटं बोलायचा कंटाळा आला एक दिवस, तवापासनं गाडीचं जे हाय ते सांगतो. काही लोक उठून जातात, काही इश्वास ठेवतात. एवढंच."

फेस ओघळला, काच स्वच्छ झाली. नानासोंनी काचेवर टकटक केलं. सोनमला वाटलं, आणखी थोडा वेळ चालला असता हा पाऊस तर आपण सगळं सांगून टाकलं असतं. पण पाऊस थांबला होता.

सोमवारी शंभूराज सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. प्रांजल आधीच तिथं उभी होती. "ऑफर नाहीच म्हणतेस? मी काय कालचा आहे?" सर म्हणाले. "आत्ता लाव त्याला फोन, स्पीकरवर. सांग, सांगलीत स्वस्त मिळतेय, तू किती कमी करतोस. आकडा त्याच्या तोंडून येऊ दे, मी रेकॉर्ड करतो. ठरवून दिलेल्यापेक्षा खाली भाव सोडला म्हणून कंपनीत तक्रार टाकली की ते पोरगं घरी जाईल आणि गिऱ्हाईक गपगुमान इकडं येईल. तुझं इथलं कायम, हा माझा शब्द."

सोनमनं फोन लावला.

"संयोगिता मॅडम?" केबिनभर त्याचा आवाज घुमला. "आज तुम्ही फोन केलात? सूर्य कुठून उगवलाय बघतो थांबा... रंग ठरला का?"

सर गालात हसले. प्रांजलनं मान खाली घातली.

"हॅलो? काय झालं, आवाज का येईना?" त्याचा सूर बदलला, खाली आला. "बरं नाही का? खरं सांगू... आज सकाळपासून कुणाशीच बोलू नये असं वाटत होतं. तुमचं नाव दिसलं म्हणून उचलला. जेवलात का?"

सरांनी हातानं खूण केली. विचार. विचार की.

एक वाक्य बोलायचं होतं. बोललं की नोकरी राहणार होती आणि आटपाडीला आईला सांगता आलं असतं, आई, कायम झाले गं. सोनमनं फोनकडे पाहिलं.

"जेवले," ती म्हणाली. "तुम्हीही जेवा." आणि तिनं फोन बंद केला.

"सर, मला नाही जमणार हे."

"मग मार्चची तरी वाट कशाला बघायची?" सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही.

आवराआवर करायला फारसं काही नव्हतंच. दारापर्यंत प्रांजल आली. सोनम झुमके काढायला लागली, तर तिनं हात धरला. "राहू देत," ती म्हणाली. "अजून एकदा जायचंय ना तुला मलकापूरला."

त्याच दुपारी मलकापूरच्या शोरूममध्ये एका गाडीची डिलिव्हरी चालली होती. कडेगावकडचं कुटुंब होतं. गाडीवरचं लाल कापड नुकतंच ओढून काढलं होतं, चाकांखाली लिंबं ठेवली होती. घरातल्या थोरल्या, बनुबाई, बॉनेटला कुंकू लावून गाडी ओवाळत होत्या. विश्वजित पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून त्यांच्याशेजारी उभा होता. फोटो काढणारा म्हणत होता, "साहेब, हसा की जरा."

विश्वजितनं हसू चढवायला सुरुवात केली. ओठ हलले... आणि तेवढ्यात त्याला दारात सोनम दिसली.

आधी त्याचे डोळे हसले. मग गाल. ओठांना तर बिचाऱ्यांना धावत येऊन गाठावं लागलं. फोटो त्याच क्षणी निघाला.

"आता बरं आलं हसू पोराला," बनुबाई म्हणाल्या.

कुटुंब गाडी घेऊन गेल्यावर सोनम म्हणाली, "मागं जाऊ या? पावसात?"

निळी गाडी रॅम्पवर चढली. काचा वर गेल्या. नानासोंनी पाणी सोडलं आणि ताशा वाजायला लागला. सोनमनं समोरच्या वाहत्या काचेकडे बघत, एका दमात सांगून टाकलं. आपल्या घरच्या बोलीत, जशी ती आईशी बोलायची तशी.

"मी गिऱ्हाईक न्हाई. सांगलीच्या शोरूममधनं मला तुमची ऑफर काढाय धाडलं हुतं. मला गाडी घ्यायची न्हाई, कवाच घ्यायची नव्हती. आज फोन केला तवा स्पीकरवर सगळी ऐकत हुती, तुमच्याकडनं आकडा काढून तुमची नोकरी घालवायची हुती त्यास्नी. मी न्हाई इचारला. पर मी फसवलंय तुमाला, रोज... ते सांगाय आले. आता काय बोलायचं ते बोला."

पाणी पडत राहिलं. सोनमला वाटलं, संपलं. तिनं दाराच्या कडीला हात घातला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय?"

"तुमी गाड्या इकता ते. पयल्याच दिशी कळलं." त्यानं आपला तळहात वर धरून दाखवला, गाडीच्या कडेखाली धरतात तसा. "गिऱ्हाईक कवा सेल्समनला दार उघडून देतं व्हय? आन डोक्याला कड लागू नये म्हणून हात? आवं, माज्या डोक्यावर आजवर कुणी असा हात धरला नव्हता. त्या रात्री मी लय इचार केला त्यावर."

सोनमचा हात कडीवरून खाली आला. "मग रोज फोन कशाला केला?"

"रंग इचारायला."

"गाडी घेणार न्हाई, हे ठावं असून?"

"दुसरं काय इचारायचा मला हक्क हुता?" तो हळू म्हणाला. "मॅनेजरला मी तुमचं बुकिंग येणार असं कवाच सांगितलं न्हाई. म्हणालो, ह्यांचं काय खरं न्हाई. दिवसभर ज्यास्नी इकायचं, त्यांच्याशी बोलायचं असतं. संध्याकाळी एक माणूस असं पायजे हुतं की ज्याला काय इकायचं न्हाई. ते मला तुमच्यात घावलं. बाकी समदं मला कळलं हुतं. फकस्त... तुमचं नाव."

तिला वाटलं, टपावरचं पाणी आता आपल्या छातीत वाजतंय.

"सोनम," ती म्हणाली.

"सोनम." त्यानं म्हणून पाहिलं, नवीन जागी पाय टाकावा तसं, अलगद. "संयोगिता मला पयल्यापासनं पटत नव्हतं. ते नाव झुमक्यांचं हुतं."

ती हसली. गाल दुखले नाहीत.

"माजी नोकरी गेली," तिनं सांगितलं.

"माजी अजून हाय. एक तारखेपातुर. तवर दोघांत मिळून एक तर हाय." मग तो सावरून बसला, घसा साफ केला. "आता माजे दोष आधी सांगतो, मागनं तक्रार नको. सणावाराला सुट्टी नसती. घरी आलो की बराच येळ तोंड उघडत न्हाई. फुडच्या वर्षी कुठं असंन सांगता येत न्हाई. आन उंच हाय, मधल्या सीटवर बसत न्हाई. बगा... घरच्यास्नी इचारून ठरवा."

"माजा एकच दोष," सोनम म्हणाली. "मी खोटं नाव सांगते."

"त्यो कळलाय. चालंल."

फेस आला आणि जग पुन्हा पांढरं झालं. त्या पांढऱ्यात त्याचा हात गिअरवरून उचलला गेला आणि... तिच्या हाताजवळ येऊन थांबला. तळहात वर होता. सोनमनं आपला हात त्यात ठेवला.

"सोनम," तो म्हणाला, "रंग ठरला का?"

"न्हाई ठरला. उद्या इचारा."

"आन उद्या बी न्हाई ठरला तर?"

"तर परवा."

"आन कवातरी ठरलाच तर?"

सोनमनं त्याच्याकडे वळून पाहिलं. काचेवरच्या धारांची सावली त्याच्या चेहऱ्यावरून ओघळत होती.

"ठरला तरी इचारायचं सोडू नका," ती म्हणाली.

पाणी थांबलं. गाडी लख्ख झाली होती. आगाशिवचा डोंगर, हायवे, शोरूमची पाटी, सगळं परत आपापल्या जागी येऊन उभं राहिलं होतं. नानासोंनी काचेवर टकटक केलं. विश्वजितनं काच बोटभर खाली घेतली.

"नानासो," तो म्हणाला, "अजून एकदा मारा पाणी."

नानासोंनी स्वच्छ गाडीकडे पाहिलं, मग आत बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा नळी उचलली.